गोळी बंद झाली, पुढची तपासणी कधी?

माझ्या कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये तीन रिपोर्ट एकामागोमाग लावलेले आहेत. मार्चचा टीएसएच १.९. जूनचा ०.५२. ऑक्टोबरचा ०.०१ पेक्षा कमी. पहिल्या दोन कागदांवर काहीही ठळक छापलेलं नाही, बाण नाही, चांदणी नाही. दोन्ही आकडे मर्यादेच्या आत. मार्चची तपासणी मी माझ्याच मनाने करून घेतली होती, जूनची ऑफिसच्या वार्षिक तपासणीत झाली. लॅब वेगळ्या, रिपोर्ट बघणारे डॉक्टरही वेगळे. दोघांनी ‘नॉर्मल आहे’ म्हणून कागद परत दिला आणि हातातल्या कागदापुरतं ते खरंच होतं. तीन महिन्यांत आकडा जवळपास पाव हिश्श्यावर आला, हे कुणाच्या लक्षात येणार? दोन्ही कागद एका टेबलावर कधी आलेच नाहीत.

त्याच वर्षी जानेवारीत माझी थायरॉइडवरची कार्बिमाझोलची गोळी बंद झाली होती. अठरा महिने घेतली होती. बंद करताना सांगण्यात आलं, ‘आता बरं आहे, काही त्रास झाला तर या.’ त्रास सुरू झाला, पण तो त्रास आहे हे कळलं नाही. पावसाळ्यातही पंखा पाचवर लागायचा. जेवण वाढलं तरी ब्लाउज सैल व्हायला लागले. चहा देताना कपबशी किणकिणायची, मग मी बशीच घेईनाशी झाले. पंचेचाळिशी आली, पाळीच्या कुरबुरी सुरू झाल्या असतील, असं घरच्यांनी धरलं आणि मीही. ऑक्टोबरमध्ये स्टेशनचा जिना चढता चढता मधल्याच पायरीवर बसावं लागलं, तेव्हा नाडी १३०च्या घरात होती. आजार उलटला होता. मागे वळून बघितलं तर तो जूनमध्येच उलटायला लागला होता, आणि ते जूनच्या कागदावर लिहिलेलंही होतं.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. जो थायरॉइड बरा होतो आणि पुन्हा उलटतो, त्याच्यावर लक्ष ठेवायला पुरेशी रक्ततपासणी म्हणजे कोणती, किती दिवसांनी, आणि ती सलग वाचायची कुणी? यावर जगभरात बरंच काम झालेलं आहे. ते आपल्या दवाखान्यातल्या टेबलापर्यंत किती पोचतं, हा खरा मुद्दा.

आधी शब्दाची एक अडचण. आपल्याकडे ‘मला थायरॉइड आहे’ एवढंच म्हणायची पद्धत आहे आणि ऐकणाराही ते एकाच अर्थाने घेतो: ग्रंथी मंदावलेली, सकाळी उपाशीपोटी गोळी, वजन वाढलेलं. त्यात चूक नाही, कारण तसे रुग्ण खरोखरच खूप आहेत. मुंबई आणि गोवा धरून देशातल्या आठ शहरांत ५,३७६ प्रौढांची पाहणी झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत ग्रंथी मंदावल्याचं प्रमाण १०.९५ टक्के निघालं. म्हणजे नऊ-दहा माणसांत एक. या मंदावलेल्या थायरॉइडचं वेळापत्रक सोपं असतं. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, आणि डोस एकदा बसला की वर्षातून एकदा. आपल्या डॉक्टरांच्या, लॅबवाल्यांच्या आणि शेजारणींच्याही अंगवळणी हेच वेळापत्रक पडलेलं आहे.

माझा आजार याच्या उलट. ग्रेव्हजचा आजार म्हणतात त्याला. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली त्याचं वर्णन केलं, जर्मनीत कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० साली. त्यामुळे जर्मन भाषेत तो आजही बासेडोच्याच नावाने ओळखला जातो. यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच एक अँटिबॉडी तयार करते. थायरॉइडच्या पेशींवर ज्या जागी पिट्युटरीकडून आलेला टीएसएच बसायचा, तिथे ही अँटिबॉडी जाऊन बसते आणि ग्रंथीला चालवतच राहते. रक्तात हार्मोन वाढतं, ते पाहून पिट्युटरी टीएसएच सोडणं थांबवते, पण ग्रंथीला आता पिट्युटरीची गरजच उरलेली नसते. न्यूझीलंडमध्ये अॅडम्स आणि पर्व्ज यांना १९५६ साली रुग्णांच्या रक्तात या अँटिबॉडीचा पहिला माग लागला. आज तिची तपासणी ‘ट्रॅब’ नावाने मिळते.

कार्बिमाझोलची गोळी हार्मोनचं उत्पादन दाबते. मूळ बिघाड त्या काळात आपणहून शांत झाला तर झाला. साधारण निम्म्या रुग्णांत औषध थांबवल्यावर आजार परत येतो. निम्म्या! नाणं उडवून छापा-काटा बघावा, तेवढी शक्यता. उलटण्याची शक्यता इतकी असताना ‘त्रास झाला तर या’ हा सल्ला पुरेसा कसा मानायचा, हे मला आजही समजत नाही.

आता टीएसएचबद्दल. या एका आकड्यावरून बरेच वाद आहेत आणि दोन्ही बाजू अर्धी-अर्धी बरोबर आहेत. टीएसएच फार हळवा आहे. टी-३ आणि टी-४ ही थायरॉइडची दोन हार्मोनं. रक्तातलं टी-४ दुप्पट झालं तर टीएसएच शंभर पटीपर्यंत खाली जाऊ शकतो. म्हणून औषध थांबवलेल्या माणसात आजार उलटू लागला की पहिली हालचाल इथेच दिसते. टी-३ आणि टी-४ तेव्हा अजून मर्यादेत असतात. माझ्या जूनच्या रिपोर्टमध्ये नेमकं हेच होतं. म्हणजे औषध बंद असताना टीएसएच चांगला पहारेकरी आहे.

औषध चालू केल्यावर मात्र हाच पहारेकरी झोपतो. महिनोन्महिने हार्मोनच्या माऱ्याखाली गप्प बसलेली पिट्युटरी लगेच जागी होत नाही. टी-३ आणि टी-४ खाली येऊन नॉर्मल झाले, अगदी गरजेपेक्षा कमी झाले, तरी टीएसएच कित्येक आठवडे, कधी काही महिने, तळाशीच पडून राहतो. या काळात नुसता टीएसएच बघणाऱ्याला वाटतं, आजार आटोक्यात नाही. तो डोस वाढवतो किंवा आहे तोच चालू ठेवतो, आणि रुग्ण दुसऱ्या टोकाला जातो: थंडी, सूज, झोप, मलूलपणा. ग्रेव्हजमध्ये डोळे आधीच बाहेर आलेले असतील तर ही घसरण त्यांनाही सोसत नाही. म्हणून अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की गोळी सुरू केल्यावर दोन ते सहा आठवड्यांत फ्री, म्हणजे मोकळं, टी-४ आणि टी-३ बघा. तिथे टीएसएचवर भिस्त ठेवलेली नाही.

टी-३ का, तर या आजारात ग्रंथी टी-४ पेक्षा टी-३ जास्त जोमाने बनवते. काही रुग्णांत टी-४ मर्यादेत आणि टी-३ चढलेलं, अशी स्थिती असते, विशेषतः आजार नुकताच उलटत असताना. कागदावर टीएसएच कमी आणि फ्री टी-४ नॉर्मल बघून ‘सौम्य आहे, थांबून बघू’ असं म्हटलं जातं, आणि इकडे रुग्णाची छाती धडधडत असते. टी-३ तपासलं असतं तर त्या धडधडीचं कारण कागदावर आलं असतं.

इंग्लंडमध्ये माझी मावसबहीण असते. तिलाही हाच आजार, तिचाही एकदा उलटलेला. तिकडे सरकारी व्यवस्थेत डॉक्टरने लिहिल्याशिवाय तपासणी होत नाही, आणि अनेक ठिकाणी लॅब आधी टीएसएच करते. तो मर्यादेत असेल तर पुढच्या तपासण्या करतच नाही. डॉक्टरने फ्री टी-३ लिहून दिलं होतं, तरी रिपोर्टमध्ये एकटा टीएसएच आला, म्हणून ती रडकुंडीला आली होती. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१९च्या सूचना मी त्यानंतर वाचल्या. त्या या बाबतीत नीट आहेत. गोळी चालू असताना टीएसएच मर्यादेत येईपर्यंत दर सहा आठवड्यांनी टीएसएच, फ्री टी-४ आणि फ्री टी-३ हे तिन्ही. त्यानंतर गोळी थांबेपर्यंत दर तीन महिन्यांनी टीएसएच, आणि तो बिघडला तरच बाकीचे. गोळी थांबवल्यावर आठ आठवड्यांच्या आत एक तपासणी, मग वर्षभर दर तीन महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. कधी तिन्ही हवेत आणि कधी एकट्या टीएसएचवर भागतं, हे त्यात उलगडून दिलेलं आहे. लॅबची काटकसर सरसकट सगळ्या टप्प्यांना लावली की गोंधळ होतो.

आपल्याकडची अडचण वेगळ्याच जागी आहे. इथे तपासणी मिळत नाही असं म्हणता येणार नाही, निदान शहरात तरी. चिठ्ठी नसली तरी लॅबमध्ये जाऊन नाव सांगितलं की रक्त घेतात, सकाळी सात वाजता माणूस घरी येतो, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट. पॅकेज घेतलं तर साठ-सत्तर तपासण्या एका सुईत. त्या पॅकेजमध्ये ‘थायरॉइड प्रोफाइल’ असतंच. ते बहुधा टोटल टी-३, टोटल टी-४ आणि टीएसएच असं असतं. टोटल म्हणजे प्रथिनांना चिकटून फिरणारं आणि मोकळं, असं सगळं हार्मोन मिळून. गर्भारपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ही प्रथिनं वाढतात, टोटलचा आकडाही त्यांच्याबरोबर फुगतो, आणि मोकळं हार्मोन मात्र जिथल्या तिथे असतं. अशा वेळी फ्री टी-४च बघावं लागतं. टोटल टी-३ इतर वेळी टाकाऊ नाही. अमेरिकन सूचनांनी ते चालतं म्हटलेलं आहे. म्हणजे पॅकेज वाईट नाही. पण ते कुणाच्या आजारासाठी बेतलेलं नाही, आणि वर्षातून एकदा होतं. ज्याचा आजार तीन महिन्यांत पालटतो त्याला वर्षाचं पॅकेज करून ‘माझं सगळं चेक झालंय’ असं समाधान मिळतं. मला जूनमध्ये तेच मिळालं होतं.

गावाकडे हे चित्र पुन्हा बदलतं. आटपाडी, जत भागातल्या बाईला रक्त तालुक्याला देता येतं, पण ग्रंथींच्या आजाराचा तज्ज्ञ गाठायला सांगली-मिरज, कोल्हापूर, नाहीतर पुणं. सरकारी दवाखान्यांतून ‘महालॅब’ योजनेत नमुने गोळा होतात ही मोठी सोय आहे. पण ट्रॅबसारखी तपासणी बहुतेक वेळा पदरच्या पैशाने खासगीतच करावी लागते आणि नमुना मोठ्या शहरात पाठवला जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत यांचा भर दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. दर सहा आठवड्यांनी दिलेलं रक्त, बसचं भाडं, बुडालेली मजुरी हे कुठल्याच कार्डात बसत नाही. थायरॉइडमुळे हृदयाचे ठोके बिघडून रुग्ण आयसीयूत गेला तर खर्च मिळेल, ते बिघडू नयेत म्हणून केलेल्या तपासणीचा मिळणार नाही. अमेरिकेत फ्रेमिंगहॅममधल्या साठीपुढच्या लोकांवर नजर ठेवून १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, टीएसएच ०.१ किंवा त्याखाली असलेल्यांत दहा वर्षांत हृदयाची लय बिघडण्याचा धोका तिपटीने जास्त दिसला होता. मग या तपासण्यांना जादाचा खर्च कसं म्हणायचं?

या सगळ्यात जी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे, तीच आपल्याकडे होत नाही: जुना आकडा नव्याच्या शेजारी मांडणं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १६ निरोगी पुरुषांचं रक्त वर्षभर दरमहा तपासलं. त्यांना दिसलं, की प्रत्येकाचे आकडे आपापल्या अरुंद पट्ट्यात फिरतात, आणि तो पट्टा लॅबच्या छापील मर्यादेच्या साधारण निम्म्या रुंदीचाच असतो. एकाचा टीएसएच कायम एकच्या आसपास, दुसऱ्याचा कायम अडीचच्या. ०.४ ते ४ ही मर्यादा समाजाची आहे, माझी नाही. माझा आकडा समाजाच्या मर्यादेत राहूनही माझ्या पट्ट्याबाहेर गेलेला असू शकतो. हा छोटासा अभ्यास वाचला तेव्हा मी निळी फाइल काढून जमिनीवर सगळे कागद पसरले, आणि जुन्या कालनिर्णयच्या मागच्या बाजूला रकाने आखले: तारीख, लॅब, टीएसएच, फ्री टी-४, टी-३, गोळीचा डोस, नाडी, वजन. अर्ध्या तासाचं काम. जानेवारीपासूनचा उतार त्या कागदावर माझ्या आठवीतल्या मुलीलाही दिसला.

असा तक्ता करताना लॅबचं नाव का लिहायचं, तर प्रत्येक लॅबचं यंत्र वेगळं, रसायन वेगळं, मर्यादाही वेगळी. एकीची वरची मर्यादा ४.२, दुसरीची ५.५. फ्री टी-४ तर एककासकट बदलतं. एका ठिकाणच्या १.४ची तुलना दुसरीकडच्या १८शी करायला गेलं तर डोकं फिरेल. म्हणून शक्यतो एकच लॅब, आणि ती एनएबीएलची मान्यता असलेली. वेळही सकाळचीच. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो. उपाशीपोटीचा फार बाऊ नको, पण दर वेळी त्याच सुमाराला रक्त द्यावं. ज्यांची ग्रंथी मंदावलेली आहे आणि जे लेव्होथायरॉक्सिन घेतात, त्यांनी त्या दिवशीची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्यावी, नाहीतर काही तास फ्री टी-४ चढलेलं दिसतं.

आणखी एक खड्डा आहे, त्यात मी पडता पडता वाचले. थायरॉइड बिघडला की केस गळतात. केस गळले की कुणीतरी बायोटिनच्या गोळ्या सुचवतं. शरीराला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. केसांच्या गोळीत ते ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे शेकडो पट. अनेक लॅबची यंत्रं तपासणीसाठी बायोटिनचाच वापर करतात. रक्तात ते एवढं असलं की यंत्र फसतं, आणि टीएसएच खोटा कमी, टी-३ आणि टी-४ खोटे जास्त, एवढंच काय ट्रॅबसुद्धा खोटं वाढलेलं दाखवतं. म्हणजे हुबेहूब उलटलेल्या ग्रेव्हजचा रिपोर्ट, आणि आजार मात्र नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस, डोस मोठा असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहून जास्त, ही गोळी थांबवायची. मी गेली तेरा वर्षं रक्त देते आहे. ‘केसांची काही गोळी घेता का?’ असं सुई टोचणाऱ्याने मला एकदाच विचारलं. मिरजेतल्या एका छोट्या लॅबमधला मुलगा होता तो. त्याने नळीवर नाव लिहिण्याआधी पेन थांबवून विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर ‘मग ताई, बुधवारी या’ म्हणून मला परत पाठवलं. त्या दिवशी त्याचे पैसे बुडाले.

एक तपासणी अशी आहे की ती वेळापत्रकात बसत नाही, पण तिच्यावाचून जीव जाऊ शकतो. कार्बिमाझोल घेणाऱ्या हजारात दोन ते पाच जणांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी जवळपास नाहीशा होतात, बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. घसा खूप दुखतो, ताप चढतो, तोंडात फोड येतात. अशा वेळी थायरॉइडची तपासणी कामाची नाही. गोळी लगेच थांबवून त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायची आणि डॉक्टरला गाठायचं. दर महिन्याला सीबीसी करून हे आधी पकडता येत नाही, कारण ते अचानक घडतं; म्हणून रुग्णाला ठाऊक असणं हाच पहारा. आजार उलटल्यावर तीच गोळी दुसऱ्यांदा सुरू होते, तेव्हा ‘मागच्या वेळी काही झालं नव्हतं’ म्हणून माणूस निर्धास्त असतो. दुसऱ्या वेळीही हे होऊ शकतं. दोन्ही वेळा मला गोळी मिळाली, पण तिच्याबरोबर हा इशारा मिळाला तो एकाच वेळी.

गोळी थांबवायची वेळ आली की ट्रॅबचं महत्त्व खरं कळतं. ही तपासणी महाग आहे, दर सहा आठवड्यांनी करायची नाही. पण निदानाच्या वेळी एकदा आणि औषध थांबवण्याआधी एकदा ती करायला हवी, याबद्दल आता फारसा मतभेद उरलेला नाही. युरोपियन थायरॉइड असोसिएशनच्या २०१८च्या सूचनांप्रमाणे बारा ते अठरा महिन्यांनी ट्रॅब चढलेलंच असेल तर गोळी थांबवायची नाही. आणखी वर्षभर चालू ठेवून पुन्हा बघायचं, नाहीतर रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीन) किंवा शस्त्रक्रियेचा विचार करायचा. माझी पहिल्यांदा गोळी थांबली ती ‘अठरा महिने झाले’ म्हणून. ट्रॅब तपासलं नव्हतं. आकडा दिसला असता तर कदाचित थांबवलीच नसती.

अठरा महिन्यांची ही मुदत काही दगडावरची रेघ नाही. तेहरानमध्ये फेरेदून अझिझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांना कार्बिमाझोलच्याच जातीचं मेथिमाझोल नेहमीसारखं दीड-दोन वर्षं दिलं आणि काहींना कमी डोसमध्ये पाच ते दहा वर्षं. औषध थांबवल्यानंतरच्या चार वर्षांत पहिल्या गटात ५३ टक्के जणांचा आजार उलटला, दुसऱ्या गटात १५ टक्के. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं, आणि ‘आयुष्यभर गोळी नको म्हणून ग्रंथीच जाळून टाकू’ या विचाराला त्याने थोडा धक्का दिला. कुणाचा आजार उलटण्याची शक्यता जास्त, याचेही काही ठोकताळे आहेत: वय चाळिशीच्या आत, गळ्याची गाठ मोठी, सुरुवातीचं टी-४ आणि ट्रॅब चढलेलं. सिगारेट ओढणाऱ्यांत तर उलटण्याचा आणि डोळे बिघडण्याचा धोका दोन्ही वाढतात. हे सगळं पहिल्याच भेटीत कळण्यासारखं आहे, आणि त्यावरून पुढची तपासणी किती जवळची असावी हे ठरवता येतं.

बाळंतपणाचा काळ या आजारात सर्वांत फसवा. गर्भारपणाच्या उत्तरार्धात ग्रेव्हज बहुधा शांत होतो, गोळी कमी होते, कधी सुटते, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. बाळ चार-सहा महिन्यांचं होतं तेव्हा तो अनेकदा परत येतो. रात्रीची जागरणं, घाम, धडधड, चिडचिड, उतरलेलं वजन, यातलं काहीही ओल्या बाळंतिणीत वेगळं ओळखू येत नाही. ‘बाळ झोपू देत नाही ना’ म्हटलं की विषय संपतो. शिवाय बाळंतपणानंतर थायरॉइडला सूज येऊन हार्मोन नुसतं सांडतं, असा दुसरा एक आजारही असतो. तो आपोआप ओसरतो आणि त्याला कार्बिमाझोल उपयोगाचं नाही. टीएसएच दोन्हींत सारखाच खाली. फरक बऱ्याचदा ट्रॅबने कळतो. म्हणून पूर्वी ग्रेव्हज झालेल्या बाईच्या बाळंतपणानंतरच्या वर्षात, ती कितीही बरी दिसत असली तरी, दोन-तीन तपासण्या आधीच ठरवून ठेवाव्यात असं मला मनापासून वाटतं. बाळाचं लसीकरण सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला ठरलेलं असतं आणि त्या तारखा आई विसरत नाही; तिच्या रक्ताची तारीख त्याच कार्डावर लिहिली तर ती तरी का विसरेल?

ट्रॅब वार ओलांडून बाळापर्यंतही जातं. रेडिओआयोडीनने किंवा शस्त्रक्रियेने ग्रंथी काढून टाकलेली असली, बाई वर्षानुवर्षं उलट्या बाजूची, म्हणजे मंदावलेल्या थायरॉइडची गोळी घेत असली, तरी रक्तात अँटिबॉडी शिल्लक असू शकते आणि ती बाळाच्या ग्रंथीला चालवू शकते. ‘माझा आजार संपला’ असं समजून हा इतिहास प्रसूतितज्ज्ञाला सांगितलाच जात नाही. गर्भारपणाच्या सुरुवातीला ट्रॅब बघावं, वाढलेलं असेल तर पाचव्या महिन्याच्या सुमाराला आणि पुन्हा शेवटच्या तिमाहीत बघावं, असं सूचनांत आहे.

ग्रंथी काढल्यावर तपासण्या संपत नाहीत, फक्त त्यांची दिशा बदलते. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या या विभागात १९६३ पासून थायरॉइडच्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन दिलं जातं. महाराष्ट्रातली कितीतरी कुटुंबं तिथे जाऊन आलेली आहेत. आयोडीन घेतल्यावर ग्रंथी काही महिन्यांत मंदावते, कुणाची सहा आठवड्यांत, कुणाची वर्षाने, आणि काहींची पुरेशी मंदावतच नाही. म्हणून पहिले सहा महिने दर सहा आठवड्यांनी तिन्ही तपासण्या, आणि इथेही टीएसएच उशिरा जागा होतो हे ध्यानात ठेवून. गावी परत गेलेला रुग्ण पहिल्या दोन तपासण्या करतो, बरं वाटलं की तिसरी सोडतो. त्यानंतरची सुस्ती, सूज आणि वाढलेलं वजन घरच्यांना आळस वाटतो.

दुसऱ्यांदा गोळी सुरू झाली तेव्हा मी डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी माझा कालनिर्णयच्या मागचा तक्ता बराच वेळ बघितला, मग त्यांच्या संगणकात सगळे आकडे भरून घेतले. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला त्यांनी तारखा लिहून दिल्या, प्रत्येक तारखेपुढे काय तपासायचं ते. एकदा मी मुलीच्या परीक्षेमुळे तारीख चुकवली तर तिसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या ताईंचा फोन आला, ‘रिपोर्ट आला नाही तुमचा.’ या फोनला काय लागतं? एक वही, एक फोन, आणि ती वही रोज उघडणारं माणूस.

यंदा गोळी थांबवायची का, हे ठरवायला गेल्या महिन्यात ट्रॅब केलं. टीएसएच १.६, फ्री टी-४ आणि टी-३ दोन्ही मध्यावर, नाडी ७२. ट्रॅब अजून मर्यादेच्या थोडं वर आहे. गोळी चालू ठेवायची ठरलं, अर्धी. पुढची तारीख गणपती झाल्यावरची, त्याच लॅबमध्ये, सकाळी साडेसातला.